शेततळ्याच्या खर्चाचा अंदाज : संगणकीय तक्त्याची पद्धत

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलडाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. तेथील विहिरींचे खारे पाणी ओलितास सहसा योग्य नसते. म्हणून शेततळ्यात साठविलेले पावसाचे पाणी हा शेतकऱ्यांचा मोठा आधार होय. परंतु खर्चाचा अंदाज चुकल्यास पावसाळ्यापूर्वीच पैसा संपतो, काम अर्धवट राहते व जमीन मात्र अडकून पडते. २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत अनुदानाची कमाल मर्यादा ५०,००० रुपये होती. त्यापलीकडील रक्कम शेतकऱ्यास स्वतः उभारावी लागे. यासाठी अंदाज आधी हवा.

१. मोजमाप : ३० × ३० × ३ मीटर तळ्याचे खोदकाम २,७०० घनमीटर धरणे चूक आहे. बाजूंना १:१ उतार दिल्यास तळ २४ × २४ मीटर राहतो. वरचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ व मध्यावरील क्षेत्रफळाची चौपट यांची बेरीज करावी. तीस ६ ने भागून खोलीने गुणावे. उत्तर २,१९६ घनमीटर येते. पहिल्या एक मीटरमध्ये माती व त्याखाली मुरूम असल्यास माती ८४१ व मुरूम १,३५५ घनमीटर भरतो.

२. दर : सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची पाहावी व स्थानिक यंत्रधारकांचे दरही विचारावेत. दर ताशी असल्यास, तासाभरात किती घनमीटर खोदकाम होते त्या आकड्याने त्यास भागावे.

३. तक्ता : एक्सेलमध्ये बाब, परिमाण, दर व रक्कम असे चार स्तंभ करावेत. रकमेच्या रकान्यात =बी२*सी२ हे सूत्र द्यावे; त्यातील अक्षरे व अंक इंग्रजीत लिहावेत. केवळ नमुन्यादाखल मातीस ४० व मुरमास ६० रुपये दर धरल्यास :

माती : ८४१ × ४० = ३३,६४० रुपये
मुरूम : १,३५५ × ६० = ८१,३०० रुपये
एकूण : १,१४,९४० रुपये

उतार न धरता हाच हिशेब १,४४,००० रुपयांवर जातो. म्हणजे २९,०६० रुपये अधिक.

४. पडताळणी : मुरमाचा दर ७० लिहिताच एकूण रक्कम आपोआप १,२८,४९० होते. खोदकाम ठरविण्यापूर्वी शेतात चाचणी खड्डा घेऊन थरांची जाडी मोजावी. थर चुकीचे धरले तर तक्ता बिनचूक असूनही अंदाज चुकेल.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी हा तक्ता शेतकऱ्यांसमक्ष भरावा व त्याची प्रत त्यांना द्यावी.