पाळणा हलण्यापूर्वीची तयारी

घरात लग्न ठरले की तयारीची यादी होते. हॉल, पत्रिका, कपडे, भांडी, आहेर यांपैकी काहीही राहून जाऊ नये म्हणून सारे नातेवाईक झटतात. आमच्या धायरीतही हेच दृश्य दिसते. परंतु त्याच घरात पुढे जन्माला येणाऱ्या बाळासाठी अशी यादी कोणी करीत नाही. सुनेची पाळी चुकली की मग दवाखाना, गोळ्या आणि दुधाचा पेला आठवतो. ही तयारी उशिरा सुरू होते, हे आम्हांस या लेखातून सांगावयाचे आहे.

उशीर कसा होतो, ते पाहू. ज्या नलिकेतून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. त्या वेळी पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. अनेक भगिनींना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. ही नलिका नीट बंद होण्यासाठी फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व लागते. म्हणून त्याची ४०० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी गर्भधारणेच्या निदान एक महिना आधी सुरू करून पहिले तीन महिने चालू ठेवावी. मधुमेह किंवा फिट्सचा आजार असल्यास, अथवा आधीच्या बाळात असा दोष असल्यास मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. चालू औषधे मनाने बंद करू नयेत.

पुण्याजवळचा धडा

हा विषय आपल्या जिल्ह्याने जगाला शिकविला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. गर्भधारणेपूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साऊथॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची भरली. मात्र ज्या माता पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खात होत्या, त्यांची बाळे तुलनेने मोठी होती. बहुसंख्य मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ पासून आणखी एक प्रयोग झाला. पालेभाजी, फळे व दूध घालून केलेला खाऊ स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीच रोज देण्यात आला. सर्व बाळांच्या सरासरी वजनात स्पष्ट फरक दिसला नाही. परंतु ज्यांनी निदान तीन महिने आधीपासून तो खाल्ला, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने वाढले. शिवाय खाऊ घेणाऱ्या गटात गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण जवळजवळ निम्मे राहिले. तेव्हा तीन महिने आधी, हे सूत्र लक्षात ठेवावे.

ताटात काय असावे?

महागडी पावडर नको. मेथी, शेपू, चवळई, शेवग्याचा पाला, मोड आलेली मटकी, हुलगे, बाजरी, नाचणी, शेंगदाणे, हंगामी फळे पुरेशी आहेत. ब-१२ वनस्पतींतून मिळत नाही. त्यासाठी दूध, दही, अंडी, मासळी किंवा मटण हवे. जेवणावर लिंबू पिळावे. जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण त्यामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. आणि घरातील सुनेने सर्वांच्या शेवटी, उरलेले खाण्याची रीत आपण बंद केली पाहिजे.

तपासण्या

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणून हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब, थायरॉईड व रक्तगट आधीच तपासावेत. रुबेलाची लस राहिली असल्यास ती घेऊन पुढे निदान एक महिना गर्भधारणा टाळावी.

सिकलसेलची तपासणी दोघांनीही करावी. विदर्भातील आदिवासी व अनुसूचित जातींच्या कुटुंबांत हा दोष बराच आढळतो, आणि आपल्यातील अनेक कुटुंबे तिकडूनच पुण्यास आली आहेत. वाहक व्यक्ती सहसा निरोगी असते, त्यात लपविण्यासारखे काही नाही. परंतु पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. ते आधी कळले, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मार्ग काढता येतो.

व्यसन आणि विश्रांती

मिश्रीला आपण व्यसन मानीत नाही, पण ती भाजलेली तंबाखूच आहे. मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिश्री-तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. म्हणजे पालेभाजीने कमावलेले मिश्रीने घालविले! पुरुषांनीही दारू, विडी, गुटखा सोडावा. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच ते तीन महिने लागतात, म्हणून पित्याची तयारीही तेवढीच आधी हवी. पाचवे शील विहारात म्हणायचे आणि फाट्यावर विसरायचे, असे होऊ नये.

सहा खेड्यांच्या अभ्यासात गरोदरपणी जड कामाचा भार अधिक असलेल्या मातांची बाळे लहान आढळली. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, मातेला प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे प्रतिपादन केले होते. घरातली पाण्याची कळशी पतीने उचलली, तर त्या विचाराचे आचरण घरापासून सुरू होईल.

शेवटी एक विनंती. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस न राहिल्यास दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असल्यास सहा महिन्यांनीच जावे. दोष एकट्या सुनेच्या माथी मारू नये. मुलगा व्हावा म्हणून कोणी औषध दिल्यास ते घेऊ नये. मुलगा की मुलगी हे पित्याच्या शुक्रजंतूवर ठरते, आणि तशी औषधे बाळाला अपायच करू शकतात.

विद्यार्थी मित्रांनो, हा लेख आज तुमच्यासाठी नाही असे वाटेल. परंतु उद्याचे आई-बाप तुम्हीच आहात. आजच्या ताटातली भाजी टाकू नका, म्हणजे उद्याच्या बाळाची तयारी आजच सुरू झाली असे समजा.