टॉवरला देणगी मिळते, मास्तरांच्या पगाराचं काय?



बारावीचा निकाल लागला की आमच्या रे रोड भागातले पालक हमखास विचारतात, "सर, कॉलेजची बिल्डिंग चांगली आहे ना?" प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. विद्यापीठ नेमके कशावर चालते, हे आज समजून घेऊया.

सुरुवात आपल्या स्टेशनापासून करू. लॉर्ड रे हे १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, आणि म्हणून मुंबई विद्यापीठाचे कुलपतीही. आजही राज्यपालच कुलपती असतात. म्हणजे सरकारचे नाते पहिल्यापासूनचे. मग पैसा कोणाचा?

१. इमारती
१८५७ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. फोर्टमधले दीक्षान्त सभागृह कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून उभे राहिले. ग्रंथालय आणि टॉवर यांसाठी प्रेमचंद रायचंद यांनी दोन-दोन लाख रुपये दिले. त्यांच्या आईचे नाव राजाबाई, तेच टॉवरला मिळाले. तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि खुद्द प्रेमचंदही बुडाले. टॉवर मात्र १८७८ मध्ये पुरा झाला. देणगी अशी भरतीच्या वेळी येते, आणि इमारतीला ती चालते.

२. माणसे
सुरुवातीला विद्यापीठ फक्त परीक्षा घेई, शिकवत कॉलेजे. समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये सुरू झाला. १९२४ पासून गो. स. घुर्ये यांनी तो सांभाळला, तब्बल पस्तीस वर्षे. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई हे त्यांचे विद्यार्थी. माणूस टिकला म्हणून विभाग उभा राहिला.

टिकायला दरमहा पगार लागतो. मंजूर पदांचा पगार राज्य सरकारच्या अनुदानातून येतो. शिक्षक निवृत्त झाले आणि पद भरले नाही, की तासिका तत्त्वावर माणूस घेतात. जितके तास, तितके पैसे. सुट्टीत काहीच नाही. माझी एक माजी विद्यार्थिनी एम.ए. करत असताना दोन वर्षांत तिचे तीन शिक्षक सोडून गेले. शेवटी तिने मला विचारलं, "सर, शिफारसपत्र कोणाकडे मागू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

३. सोयी
रे रोडहून हार्बर लोकलने कुर्ला, तिथून बसने कलिना. विद्यापीठाचा तिथला परिसर दोनशे एकरांहून मोठा आहे. एवढ्या परिसरातले वसतिगृह, वाचनालय, पाणी, स्वच्छतागृहे यांना रोजचा खर्च असतो. परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क ही विद्यापीठाची स्वतःची कमाई. पदे रिकामी राहिली की तासिकेचे मानधनही अनेकदा याच कमाईतून द्यावे लागते. मग सोयींना कात्री लागते. म्हणजे नळ गळतो त्याचे कारण कधीकधी स्टाफरूममधल्या रिकाम्या खुर्चीत असते!

वर्गात करून पाहा
मुलांना घरखर्चाचे दोन रकाने करायला सांगा: एकदाचा आणि रोजचा. फ्रिज मामा भेट देईल, पण दूध रोज आपल्यालाच आणावे लागते. आता विद्यापीठाचा खर्च त्याच रकान्यांत मांडायला सांगा. मुलांना पटकन समजते.

पालकांनी काय करावे?
प्रवेशाआधी तीन प्रश्न विचारा. या विषयाला कायम शिक्षक किती? वाचनालय किती वाजेपर्यंत उघडे असते? वसतिगृहात जागा किती? आणि तुम्ही स्वतः पदवीधर असाल तर मतदार म्हणून नाव नोंदवा. २०१६ च्या कायद्यानुसार अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर आपले दहा प्रतिनिधी निवडून देतात, आणि विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेतच मांडला जातो. रिकाम्या पदांचा जाब तिथे विचारता येतो.

बिल्डिंग जरूर बघा. पण आत शिकवायला कोण आहे, आणि तो पुढच्या वर्षी असेल का, हे आधी विचारा.