शंका-समाधान : लेकरू कारागृहात, शिक्षणाचं काय?

शंका : माझा मुलगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. भावकीच्या भांडणात त्याचं नाव आलं अन् तो आता परभणीच्या जेलात आहे. परीक्षा तोंडावर आली. कॉलेजातून नाव कमी करतील का? जेलच्या साहेबांना पुस्तकांचं विचारलं तर त्यालाच त्रास होईल, अशी धास्ती वाटते. वकिलाला द्यायला पैसे उरले नाहीत.
— एक आई, हट्टा (ता. वसमत)

समाधान : ताई, तुमचा मुलगा न्यायाधीन बंदी (ज्याचा खटला अजून निकाली निघालेला नाही असा बंदी) आहे. त्याच्यावर आरोप आहे, गुन्हा सिद्ध झालेला नाही. अटकेमुळे शिक्षण आपोआप संपत नाही. परीक्षेचे वेळापत्रक जोडून न्यायालयात अर्ज करा. पोलीस बंदोबस्तात परीक्षेला नेण्याची परवानगी किंवा तात्पुरता जामीन न्यायालय देऊ शकते. मिळेलच असे नाही, म्हणून आजच हालचाल करा आणि प्राचार्यांनाही लेखी कळवा. पुस्तकांसाठी कारागृह अधीक्षकांकडे साधा लेखी अर्ज द्या. असे विचारणे गैर नाही, त्यात मुलाचे काही बिघडत नाही.

हजेरीअभावी वर्ष गेलेच, तर मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे. इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) बंद्यांकडून शुल्क घेत नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे शिक्षणही राज्यातल्या काही मध्यवर्ती कारागृहांत पोहोचले आहे. मात्र न्यायाधीन बंद्यांच्या शिक्षणाकडे अजूनही पुरेसे लक्ष जात नाही, असे मला वाटते. ज्याला आज ना उद्या गावी परतायचे आहे, त्याचे पुस्तक सर्वांत आधी सुरू राहायला हवे.

वकिलाची काळजी मात्र सोडा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार कोठडीतल्या प्रत्येकाला, घरचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. वसमतच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा किंवा 15100 या विधी सेवेच्या मदत क्रमांकावर फोन लावा. त्या वकिलांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 बद्दलही विचारा. पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, तर त्याला जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद त्यात आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले चालू असतील तर ती लागू होत नाही. तुमच्या प्रकरणात ती बसते का, हे कागद पाहून वकीलच सांगतील.

शंका : जेलातला भाऊ मुलाकतीत म्हणाला, 'आता जगून काय करू?' रागात बोलला असेल का? घरी कुणाला सांगायची हिंमत होत नाही.
— एक बहीण, वसमत तालुका

समाधान : राग होता की निराशा, हे घरबसल्या ठरवू नका. पुढच्या मुलाकतीची वाट न पाहता आजच अधीक्षकांना कळवा आणि कारागृहाच्या डॉक्टरांनी त्याला तपासावे, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे, असे लेखी मागा. ही तक्रार नव्हे, त्याची राखण आहे. वकिलालाही सांगून ठेवा. तुमच्या मनावरचे ओझे हलके करायला 14416 या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) सेवेच्या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते.