घरपोच थाळीचं गणित

पणदऱ्यात माझ्या मामांची छोटी खानावळ आहे. घरपोच डब्यांसाठी ते कर्ज काढून मोटरसायकल घेणार होते. मी म्हटलं, "मामा, आधी हिशेब करू."

समजा थाळी १०० रुपये, खर्च जाऊन उरतात २५. दहा किलोमीटरच्या फेरीला पेट्रोल २०, पोराची मजुरी २५, पॅकिंग ८, एकूण ५३. म्हणजे २८ रुपये तोटा! ॲपवाल्यांचं कमिशन २० टक्के धरलं, तर त्यावर १८ टक्के जीएसटी. २३.६० गेले, वर पॅकिंग. पुन्हा तोटाच.

पण एका फेरीत पाच डबे नेले तर? डब्यामागे फेरीचे ९, पॅकिंगचे ८, उरतात ८. मुंबईचे डबेवालेही एका फेरीत अनेक डबे नेतात, म्हणूनच त्यांना परवडतं.

मामांनी कर्ज थांबवलंय. आधी एमआयडीसीत रोजचे पाच डबे ठरवायचे, मग गाडी!