भंगारातली सीट, घाटातली गाडी

प्रश्न : आमच्या जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची आम्ही कॅम्पर केली आहे. पुढच्या सीटचा फोम पार बसला. भंगारातल्या मोटारीच्या सीट बसवता येतील का? – एक वाचक, वेल्हे

उत्तर : येतील. पण आधी सांगाडा तपासा. तो शाबूत असेल, तर नवा फोम आणि कव्हर भरून घेणंच स्वस्त आणि सुरक्षित.

बदलायचीच, तर सीट रेल्ससकट घ्या. पुढे-मागे सरकवून दोन्ही बाजूंची खिट्टी बसते ना, पाठ टेकवल्यावर डुगडुगते का, ते पाहा. खाली हात घालून फोम दाबा. ओला लागला, कुबट वास आला, तर सोडा. वेल्ह्याच्या पावसात तो वाळायचा नाही. सीटमध्येच एअरबॅग असेल, तर ती घेऊच नका.

खरी मेख बसवण्यात. मोटारीची सीट बुटकी, म्हणून खाली स्टँड लागतो. तो प्लायवूडवर आवळायचा नाही. पत्र्याखालच्या चॅसीच्या आडव्या पट्ट्यांना धरायचा, बोल्ट ८.८ शिक्क्याचे आणि पत्र्याखाली जाड लोखंडी पट्टी. नुसत्या वॉशरवर पत्रा फाटतो. वरंधा घाटात करकचून ब्रेक लागला की माणसाचं सगळं वजन तिथेच येतं. बेल्टचे मूळ आधार हलवू नका.

सीटची संख्या बदलणार असाल, तर मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार आधी आरटीओची मंजुरी घ्या. मागच्या बाकावर बेल्ट नसेल, तर चालत्या गाडीत तिथे कुणालाही बसवू नका.