कमाल जमीनधारणेचा खटला व न्यायालयाचे माप

शेतीविषयक एखादा कायदा जाचक वाटला, की ‘हायकोर्टात जाऊ’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. परंतु न्यायालय कायद्यास कोणत्या मापाने मोजते, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. ते माप समजण्यास कमाल जमीनधारणेचा खटला फार उपयोगी आहे, म्हणून त्याची हकीकत येथे देत आहोत.

महाराष्ट्राचा मूळ कायदा १९६१ सालचा. पुढे १९७५ च्या सुधारणेने मर्यादा खाली आणली. कोरडवाहू जमिनीस ५४ एकर व बारमाही ओलितास १८ एकर, अशी ती २ ऑक्टोबर १९७५ पासून लागू झाली. आमच्या मते एकरांच्या आकड्याहून दुसरेच एक कलम अधिक बोचणारे होते. पती, पत्नी, अज्ञान मुलगे व अज्ञान अविवाहित मुली मिळून एक ‘कुटुंब घटक’ मानावा, आणि जमीन यांपैकी कोणाच्याही नावे असो, ती त्या घटकाचीच समजावी, असे त्यात ठरले. उदाहरणादाखल, नवऱ्याच्या नावे ४० एकर कोरडवाहू व बायकोस माहेरून मिळालेली ३० एकर, असे एक घर घ्या. दोघेही आपापल्या परीने मर्यादेच्या आत आहेत. पण बेरीज ७० होते आणि १६ एकर जादा ठरते.

याविरुद्ध उच्च न्यायालयात २६६० अर्ज झाले. नागपूर येथील खंडपीठाने १३ ऑगस्ट १९७६ रोजी ते फेटाळले. एक तर हे कायदे राज्यघटनेच्या नवव्या अनुसूचीत घातलेले होते, आणि त्या अनुसूचीतील कायद्यास मूलभूत हक्कांच्या भंगाची हरकत चालत नसे. शिवाय तेव्हा आणीबाणी जारी असल्यामुळे कित्येक हक्कांची दादच मागता येत नव्हती.

अपिलात अर्जदारांनी एकच मुद्दा लढविला. अनुच्छेद ३१-क च्या एका परंतुकाप्रमाणे, स्वतः कसलेली व मर्यादेच्या आतील जमीन सरकारास बाजारभावाने मोबदला दिल्यावाचून घेता येत नाही. मग वरील उदाहरणातील बाईची ३० एकर मर्यादेच्या आत नव्हे काय? हा कुटुंब घटक केवळ कृत्रिम आहे, असे त्यांचे म्हणणे. युक्तिवाद बिनतोड दिसतो खरा. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९७७ रोजी सांगितले, की नवव्या अनुसूचीचे कवच येथेही पुरते. आणि ते नसते तरी परंतुकाचा भंग झालेला नाही. जमिनीची फेरवाटणी कोणत्या धोरणाने करावी हे विधिमंडळाने पाहावयाचे. न्यायालय त्याचे आर्थिक सल्लागार नव्हे. धोरण शहाणपणाचे आहे काय, हा प्रश्न घेऊन गेलेल्या शेतकऱ्यास तेथे उत्तर मिळत नाही. विधिमंडळास तसे करण्याचा अधिकार होता काय, एवढेच तेथे पाहिले जाते.

आणीबाणी उठल्यावर हा निकाल फिरून तपासावा म्हणून अर्ज झाले, आणि त्यांतूनच ‘वामनराव’ या नावाने प्रसिद्ध असलेला १९८० चा निर्णय आला. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात घटनेच्या मूलभूत चौकटीचे तत्त्व निघाले होते. त्या तारखेनंतर नवव्या अनुसूचीत घातलेला कायदा त्या चौकटीवर घासून पाहता येईल, असे वामनराव खटल्यात ठरले. जानेवारी २००७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी हेच तत्त्व कायम केले. गंमत अशी, की १९७५ च्या सुधारणा अनुसूचीत गेल्या त्या १९७६ साली, म्हणजे दार उघडे होते. पण अनुच्छेद ३१-क हाच वैध ठरल्याने शेतकऱ्यांचे अर्ज त्याही वेळी फेटाळले गेले. तत्त्व साऱ्या देशास मिळाले, जमीन मात्र परत मिळाली नाही.

घटनेच्या मुद्द्यावर हरलेल्यांपुढे वस्तुस्थितीचे वाद उरले, आणि आमच्या समजुतीने खरी लढाई तेथेच होती. जमीन ओलिताची की कोरडवाहू? २६ सप्टेंबर १९७० नंतर केलेली विक्री अथवा वाटणी खरी, की कायदा चुकविण्यासाठी? येथे शाबितीचे ओझे शेतकऱ्यावरच होते. कायदा त्यास आधीच संशयाने पाहत होता. सज्ञान मुलगा कुटुंब घटकात मोजला जात नाही. तेव्हा नेमक्या दिवशी मुलास अठरा वर्षे पुरी झाली होती की नाही, यावर कित्येक एकरांचा निकाल अवलंबून राही. अशा वेळी मोठमोठ्या वकिलांच्या भाषणांपेक्षा कोतवाल बुकातील जन्माची एक ओळ अधिक कामास येई.