मोडलेला पंख जोडताना

ट्रान्सपोर्टमधून आमचं मोठं आरसी विमान आलं ते पंखाचा मेन स्पार मोडूनच. ‘गोंद लाव, झालं!’ हे हॉस्टेलचं एकमत. पण लाकडाचं टोकाला टोक चिकटवलेलं टिकत नाही. भार तंतूंच्या लांबीने जातो. म्हणून दोन्ही टोकं तिरकी तासायची, ६ मिमी जाडीला ७२ मिमी उतार, म्हणजे १:१२. हा स्कार्फ जॉइंट. इपॉक्सी लावून रात्रभर क्लॅम्प. फार आवळलं तर गोंदच बाहेर येतो. शेपटीकडे मात्र कंजुषी करा. तिथे वजन वाढलं की सीजी मागे सरकतो, विमान ताब्यात राहत नाही. खाली बघे उभे असतात, म्हणून आधी दोघांनी पंखांची टोकं धरून विमान उचलायचं. करकर ऐकू आली, तर कव्हरिंग परत सोलायचं.